भरलेल्या कागदाचा आवाज

घोडेगावात पॉलिशपेपर वास घेऊन विकत घेणारं एकच माणूस मी पाहिलं, आणि ते बाईमाणूस होतं.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे, एसटी स्टँडच्या अलीकडे. सुतार येतात, रंगारी येतात. ऐंशी नंबर द्या, एकशेवीस द्या म्हणतात, गुंडाळी काखेत मारतात आणि जातात. विमलमावशीचं तसं नव्हतं. ती पान उजेडाकडे तिरपं धरायची, खरखरीत बाजूवरून अंगठा फिरवायची, मग दोन्ही हातांनी ताणून बघायची आणि शेवटी नाकाशी न्यायची. नाक मुरडलं की पान परत काउंटरवर.

"मावशी, कंपनीचा माल आहे."

"आसंल कंपनीचा. दमट झालाय. असला कागद दोन लाटन्यांतच भरतोय."

मावशी लेथवर लाकूड कातायची. लाटणी, खाटेचे पाय, देव्हाऱ्याचे खांब, पाळण्याचे दांडे. आमच्या तालुक्यात दुसरी कातारीण मला माहीत नाही. उंचीनं माझ्या खांद्याएवढी, पदर कमरेला आवळून गुंडाळलेला, बांगड्या कोपरापर्यंत सरकवून वर रबर लावलेलं, म्हणजे त्या फिरत्या लाकडात अडकू नयेत. भुवया कायम पांढऱ्या. त्या वयानं पांढऱ्या झाल्यात की भुशानं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

तिचं माहेर डिंगोऱ्याचं. बापाची मेंढरं होती. त्यातल्या एका एडक्याची गोष्ट ती नव्या माणसाला हमखास सांगायची. गावातल्या एका पोरानं म्हणे त्या एडक्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधली. एडक्यानं त्या वेळी काही केलं नाही. पुढं त्या पोराचं लग्न झालं. नवी नवरी घेऊन तो देवदर्शनाला निघाला, फेटाबिटा बांधून, आणि त्या दिवशी एडक्यानं त्याला सगळ्या वरातीसमोर गटारात घातलं.

"त्याच्या आदी लई डाव ते पोरगं येकटं दिसलं व्हतं त्याला," मावशी सांगायची. "पन येकट्याला उडवून काय उपेग?"

ऐकणारे हसायचे. मावशी हसायची नाही. तिला त्या एडक्याचं मनापासून कौतुक होतं.

तिचा नवरा दामू कातारी. डिंभ्याच्या रस्त्याला भिकाशेठचा लाकूडकामाचा कारखाना होता, तिथं तो उमेदीची सगळी वर्षं लेथवर उभा राहिला. अबोल माणूस. त्याच शेडमध्ये पलीकडच्या बाजूला पॉलिश चालायचं, आणि ओल्या पॉलिशवर भुसा उडून बसतो म्हणून भिकाशेठनं लेथकडच्या खिडक्या खिळे मारून बंद केल्या होत्या. वारा नको म्हणून पंखाही नाही. लाकूड घासताना उडणारी बारीक धूळ त्या कोंडवाड्यातच फिरत राहायची आणि दामू ती श्वासाबरोबर आत घ्यायचा. आधी खोकला आला, मग जिना चढताना धाप, मग उभं राहणंच होईना. भिकाशेठनं त्याला घरी बसवलं.

घरी बसवलं ते बसवलं, वर कुणी विचारलं की सांगायचं, "दामू काय, बाटलीनं खाल्ला त्याला." कारण लोक धुळीचं कुजबुजायला लागले होते, आणि इतर कामगारांच्या बायकाही खिडक्यांबद्दल विचारायला लागल्या होत्या. दारूचं नाव पुढं केलं की खिडक्यांचं कुणी विचारत नाही.

दामूनं दारू घेतलेली मी कधी पाहिली नाही. चहासुद्धा बशीत अर्धा ठेवून उठणारा माणूस तो.

शेवटच्या काळात त्यानं घरामागच्या पत्र्याखाली एक जुना लेथ उभा करून घेतला होता. पण छिन्नी धरायला दम नव्हता. मग तो दाराशी खाटेवर पडून राहायचा आणि मावशी लेथवर. असं ती काम शिकली. तो डोळे मिटून पडलेला असायचा आणि मधूनच म्हणायचा, "विमल, कागद भरला."

"तुमाला कसं दिसलं?"

"दिसाय कशाला पायजे. आईक की."

कागद ताजा असला की फिरत्या लाकडावर सर्रर्र असा आवाज येतो, सुपात तांदूळ फिरवल्यासारखा. त्याच्या खरखरीत दाण्यांत भुसा गच्च बसला की आवाज बारीक होतो आणि चीं करून ओरडायला लागतो. मग कागद कापत नाही, नुसता चोळतो. चोळलं की तापतं, तापलं की करपट वास येतो आणि लाकडाभोवती काळपट कडं उमटतं. ते कडं कोरड्या लाकडावर नीटसं दिसत नाही. पॉलिशचा पहिला हात बसला की मात्र उठून दिसतं.

म्हणून लेथचा पट्टा मोटरच्या छोट्या चाकावर घेऊन वेग कमी करायचा. कागद लाकडाच्या खालच्या अंगानं धरायचा, हलक्या हातानं, आणि एका जागी ठेवायचा नाही, सारखा सरकवत राहायचा. ओलं किंवा चिकाळ लाकूड घासायला घ्यायचंच नाही. थोडं घासलं की कागद झटकायचा, पाठीवर टिचकी मारायची, खडूची पूड चोळायची. आणि तरीही भरला तर जुन्या क्रेपच्या चपलेचा तळ त्यावरून रगडायचा. त्या पिवळ्या रबराला भुसा चिकटून निघतो आणि कागद पुन्हा दात दाखवतो. हे सगळं दामूनं तिला खाटेवरून शिकवलं, दोन वाक्यांच्या मधे दम खात खात.

मावशी मला एकदा म्हणाली, "कागदातला भुसा निगतो, भाऊ. त्यांच्यातला कशानं काडायचा व्हता?"

दामू गेला. दहाव्याला घोड नदीच्या घाटावर माणसं जमली. पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. सगळे ताटकळले. कुणी म्हणे मुलीच्या लग्नाची इच्छा राहिली असंल, कुणी म्हणे बायकोला सांभाळू म्हणून शब्द द्या. मागं भिकाशेठ उभा होता. तो म्हणाला, "बाटली ठिवा शेजारी, लगीच शिवंल."

लोक हसले. दहाव्याला हसायचं नसतं म्हणून दाबून हसले, पण हसले. मी तिथं होतो. मावशी बायकांत बसली होती, तिच्यापर्यंत ते आलं. ती वळली आणि भिकाशेठकडे नुसती बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते त्या क्षणी आटलं. पुढं तिला रडताना मी पाहिलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात तिनं पत्र्याखालचा लेथ सुरू केला.

भिकाशेठला आधी गंमत वाटली. एक दिवस तो मुद्दाम बघायला गेला. दामूच्या फोटोला नमस्कार करायचा म्हणून चपला दाराशी काढल्या. आत जाऊन लेथभोवती फिरला आणि म्हणाला, "विमल, ह्ये बाईमानसाचं काम न्हवं. बोट जाईल येखादं. कारखान्यात झाडलोटीला ये, देतो लावून."

मावशी म्हणाली, "दाखवते तुमाला बोट कसं जातं त्ये." लेथवर बाभळीचा एक वाकडातिकडा ओंडका चढवलेला होता, न तासलेला. तिनं बटण दाबलं. तो ओंडका असा काही थडथडला की पत्रे वाजायला लागले आणि सालपटं शेठच्या टोपीवर उडाली. शेठ अनवाणी पळाला. रस्त्यापर्यंत पळाला हे समोरच्या गिरणीतल्या सगळ्यांनी पाहिलं.

चपला तिथंच राहिल्या. चांगल्या होत्या, पिवळ्या क्रेपच्या तळाच्या. संध्याकाळी शेठचा माणूस न्यायला आला तेव्हा मावशीनं एक तळ उसकटून त्याच्या वड्या पाडल्या होत्या आणि ती कागद रगडत बसली होती.

"शेठची चप्पल द्या म्हनला," तो माणूस म्हणाला.

"चप्पल कामावर हाय म्हनावं," मावशी म्हणाली.

हे वाक्य बाजारभर झालं. पुढं कित्येक दिवस भिकाशेठ रस्त्यानं जाताना दिसला की कोणीतरी हळूच विचारायचं, "शेठ, चप्पल सुटली का कामावरनं?"

मावशीला एवढं पुरणार नव्हतं. तिनं त्याची गिऱ्हाइकं ओढायला सुरुवात केली. आधी लाटणी, मग देव्हारे, मग पाळणे. तिच्या कामावरून हात फिरवला की बोटाला काहीच लागायचं नाही. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, आधी आम्ही भिकाशेठकडून न्यायचो, की ती काम थांबवून नीट विचारायची, "आता न्हाई ना जानार? नक्की?" आणि तोंडात गूळ ठेवल्यासारखी घोट गिळायची.

मग डिंभ्याला धरणाच्या पाण्याच्या कडेला पुण्याच्या कुणा धनिकाचं घर उभं राहिलं. लाकडी जिना, वर गॅलरी आणि सगळीकडे कठडे. कठड्यांचे कातीव खांब हवे होते, ढिगानं. वास्तुशांतीची तारीख ठरलेली. ठेकेदारानं अर्धं काम भिकाशेठला दिलं आणि अर्धं मावशीला. लाकूड दोघांना एकाच गाडीतून आलं, परदेशी चिडाचं, म्हणजे पाइनचं, आत चीक भरलेला.

मावशीनं बोट लावून बघितलं आणि सगळं लाकूड माळ्यावर वाऱ्याला उभं करून ठेवलं. ठेकेदार येऊन आरडाओरडा करून गेला. ती ढिम्म. माझ्याकडून टर्पेंटाइन नेलं, खांब कातून झाल्यावर एकेक पुसला, वाळवला आणि मगच कागद लावला. तोवर भिकाशेठचे खांब निम्म्यावर आले होते आणि तो स्टँडवर सांगत होता, "बाईचं काम बाईसारखंच चालायचं."

त्या दिवसांत एका दुपारी मी टेम्पोतून पॉलिशचे डबे घेऊन डिंभ्याकडे निघालो होतो. मावशी शेजारी बसली होती, तिला जिन्याचं माप बघायचं होतं. भिकाशेठच्या कारखान्यासमोर आलो आणि तिनं माझा दंड धरला.

"भाऊ, थांबा. गाडी बंद करा."

मी इंजिन बंद केलं. आतून आवाज येत होता. चीं... चीं... एका लेथचा नाही, सगळ्या लेथांचा. पूर्ण वेगात चालवत होते, आणि तेच भरलेले कागद दाबून धरत होते. करपलेल्या चिकाचा वास रस्त्यापर्यंत येत होता.

"मावशी, ह्यांचा सगळा माल जाईल," मी म्हणालो.

"जाईल की."

"सांगायचं का आत जाऊन?"

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं आणि ती टेम्पोतून खाली उतरली. समोर चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर ती ऐसपैस मांडी घालून बसली, दोन चहा सांगितले, बिस्किटाचा पुडा फोडला आणि एकेक बिस्कीट चहात बुडवून, डोळे अर्धवट मिटून, तो आवाज ऐकत राहिली. एखादीनं रेडिओ ऐकावा तशी. मधे एकदा आवाज जास्तच चिरका झाला तेव्हा तिनं मान डोलावली. टपरीवाल्याला म्हणाली, "आजून येक कप दे. साखर टाक जरा जास्त."

दोघांचे खांब त्या घरी पोचले आणि पॉलिशचा पहिला हात तिथंच दिला गेला. मावशीचे खांब मधासारखे उठले. भिकाशेठच्या प्रत्येक खांबाला काळपट कडी, वरपासून खालपर्यंत. मालकाची बायको बघायला आली होती, ती म्हणाली, हे खांब जळालेत का? ठेकेदारानं भिकाशेठला सगळ्यांदेखत शिव्या दिल्या आणि बजावलं, वास्तुशांतीच्या आत कडी गेली नाहीत तर ह्या दोन तालुक्यांत तुला कुणी काम देणार नाही.

कडी काढायची तर प्रत्येक खांब पुन्हा लेथवर चढवून पहिल्यापासून घासायला हवा होता. भिकाशेठचे कारागीर त्याच दिवशी वैतागून निघून गेले. तो जुन्नरला गेला, मंचरला गेला, नारायणगावला गेला. लग्नसराई होती, कुणाला सवड नव्हती.

तो मावशीकडे आला तेव्हा मी तिथं कागदाचा गठ्ठा पोचवायला गेलो होतो. ह्या वेळी त्यानं चपला काढल्या नाहीत.

"विमल, आडचनीत हाय मी," तो म्हणाला. "तेवढे खांब घासून दे. काय घ्यायचं ते घे."

मावशीनं लेथ बंद केला. "पैसं नकोत."

"मंग काय पायजे?"

"आमच्या ह्यांनी कदी दारूचा थेंब घेतला नव्हता, ह्ये तुमी तुमच्या तोंडानं म्हनायचं. आन त्यांना खोकला कशानं झाला त्येबी म्हनायचं."

शेठनं माझ्याकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "म्हनतो की. न्हवती घेत. झालं?"

"हितं न्हाई. घाटावर. सोमवारी तुकाबाबांचा दहावा हाय, तितं. माईकवर."

"आगं, दुसऱ्याच्या दहाव्यात कसं बोलू मी?"

"तुमी बोलला तवाबी दहावाच व्हता," मावशी म्हणाली आणि बटण दाबलं.

शेठ तावातावानं निघून गेला. दोन दिवस आला नाही. ठेकेदाराचे फोन चालूच असणार. तिसऱ्या दिवशी तो आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "बोलतो." तुकाबाबा म्हणजे गावातले जुने शेतकरी, नुकतेच वारलेले; मावशीनं आधीच त्यांच्या थोरल्या मुलाला जाऊन विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, "आमच्या बाबाचा दोस्तच व्हता दामू. बोलू द्या."

आमच्याकडे दहाव्याला प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. गावोगावचे पुढारी येतात, माईक सोडत नाहीत. त्या सोमवारी मंडप भरलेला होता. भाषणं संपत आली आणि भिकाशेठ उठला. तुकाबाबांबद्दल बोलला, त्यांच्या शेतीबद्दल बोलला, बैलांबद्दल बोलला. लांबवत राहिला. मग थांबला.

"आन... दामू कातारी... आमच्याकडं कामाला व्हता. चांगला मानूस. तो काय... घेत नव्हता."

बायकांच्या बाजूनं मावशीचा आवाज आला, "ऐकू येईना."

मंडपातली सगळी डोकी वळली. शेठनं माईक तोंडाजवळ धरला. "दामू दारू पीत नव्हता. मी खोटं बोललो व्हतो."

"खोकला कशानं झाला?"

शेठनं घसा खाकरला, तो माईकमधून मंडपभर वाजला.

"भुशानं," तो म्हणाला. "माझ्या शेडात. खिडक्या मी बंद केल्या व्हत्या."

मावशी उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि कुणाकडं न बघता चालायला लागली.

कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. ते गावाच्या ग्रुपवर फिरलं. दुसऱ्या दिवशी मावशी दुकानात आली, कागदाच्या पुडीत भेळ घेऊन. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "लावा." मी लावलं. ती भेळ खात ऐकत राहिली. "पुन्यांदा." मी पुन्हा लावलं. शेठचा आवाज 'भुशानं' वर फाटायचा, तिथं ती चघळणं थांबवायची. भेळ संपेपर्यंत मी तेच लावत राहिलो.

"झोप लागली का, मावशी?" मी विचारलं.

"आईच्या पोटात आसल्यागत लागली."

सूड घेऊन माणसाला काही मिळत नाही असं प्रवचनात सांगतात. मावशीला मिळालं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिच्या गालांवर मूठभर मांस चढलं. भिकाशेठचे खांब तिनं शब्दाप्रमाणे घासून दिले, आणि असे दिले की ठेकेदारानं पुढची सगळी कामं तिलाच सांगितली. शेठच्या मुलांनी कारखान्यातले लेथ मोडीत काढले आणि शेडमध्ये कांद्याची वखार केली. शेठ घराबाहेर पडेनासा झाला. मावशी दर बाजाराला विचारायची, "दिसला का? कसा दिसतोय?" मी खंगलाय म्हणालो की ती समाधानानं पिशवी उचलायची.

एकदा मी म्हणालो, "मावशी, आता सोडा की. माणूस संपला."

"तुमी त्याचं वकील हाय का?" ती म्हणाली आणि त्या दिवशी कागद न घेताच गेली.

मी तिला तोंडाला बांधायचे मास्क पुष्कळदा फुकट दिले होते. ती ते खुंटीला लटकवून ठेवायची. तोंड बांधलं की करपल्याचा वास कळत नाही, म्हणायची. गेल्या हिवाळ्यात दुकानाची पायरी चढताना ती मधेच थांबली. काउंटरला धरून उभी राहिली. मी स्टूल पुढं सरकवलं. नारायणगावला दिलेली मुलगी येऊन तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं लेथ बंद करायला सांगितला.

"वाईट वाटतं का?" मी विचारलं.

"कशाचं?" तिनं उलट विचारलं. मी तिच्याही छातीत बसलेल्या भुशाबद्दल विचारतोय, हे तिला खरंच कळलं नव्हतं.

ती कायमची मुलीकडे निघाली त्या दिवशी मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. लेथ तिनं विकला नाही, पत्र्याखाली तसाच ताडपत्री टाकून ठेवला. नारायणगावची गाडी लागली, गर्दी आत घुसली. मावशी शेवटी चढली. पहिल्या पायरीवर तिला दम लागला आणि ती दांडा धरून उभी राहिली. आत कंडक्टर होता, तरणाताठा, नवीन लागलेला.

"ओ आजी, चढा नायतर उतरा. बस काय तुमच्या घरची हाय का?"

आतली माणसं हसली. मावशीनं मान वर केली. दम गोळा केला. वरची पायरी चढून ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्याच्या खिशावरची पट्टी जवळून निरखायला लागली.

"मला वाचाय येत न्हाई," ती म्हणाली. "नाव काय रं तुझं?"

"कशाला पायजे?"

"लक्षात ठिवते."

कंडक्टर हसला आणि घंटी मारली. मी काही हसलो नाही.